जुन्या कॅमेऱ्यातून उटी

उटीला जाऊन आलेल्या माणसाला हल्ली कोणी ‘काय काय पाहिलंस?’ असे विचारत नाही. ‘फोटो दाखव’ असे म्हणतात. मग तो खिशातून मोबाईल काढतो आणि अंगठ्याने भराभर चित्रे सरकवू लागतो. बोटॅनिकल गार्डन, तलाव, दोड्डबेट्टा, चहाचे मळे, घोड्यावर बसलेली मुले. चार दिवसांत सहा-सातशे फोटो सहज निघतात. पंधराव्या फोटोला पाहणाऱ्याला जांभई येते आणि महिन्याभरात काढणाऱ्यालाही त्यातला एकही नीट आठवत नाही.

फोटो आणि उटी यांचे नाते तसे जुने आहे. इथल्या हिरव्या कुरणांवर हिंदी आणि दाक्षिणात्य चित्रपटांची किती गाणी चित्रित झाली, त्याला गणती नाही. १९९८ च्या ‘दिल से’मधले धावत्या गाडीच्या टपावरचे नृत्य याच निलगिरी रेल्वेवरचे. पण फिल्म बनवणारा सरकारी कारखानाही याच उटीत होता, हे फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असते. ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हे त्याचे नाव, आणि ‘इंदु’ ही त्याची छाप. एके काळी गावोगावच्या फोटो स्टुडिओत आणि सरकारी दवाखान्यांच्या एक्स-रे विभागात इंदुची खोकी दिसत.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघे उटीला गेलो ते या इंदुच्या ओढीने. आम्ही तिघे म्हणजे माझे सासरे, माझी कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मी. बरोबर एक जुना कॅमेरा, एक जुने भिंग आणि फिल्मचे दोन रोल. छत्तीस दुणे बहात्तर. चार दिवसांत एवढेच फोटो काढायचे, असे ठरवून निघालो होतो.

माळ्यावरून उतरलेला झेनिट

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. सांगलीच्या गावभागात त्यांचा चाळीस वर्षे फोटो स्टुडिओ होता. लग्ने, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्टचे फोटो, सगळे त्यांनी केले. रंगीत फोटोंच्या मोठ्या लॅब आल्या, मग डिजिटल आले, आणि आबांनी स्टुडिओ बंद केला. निगेटिव्ह मात्र पत्र्याच्या पेट्यांत, नावे-तारखा घालून, घराच्या खालच्या खोलीत जपून ठेवल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि त्या पेट्या कित्येक दिवस पाण्याखाली राहिल्या.

फिल्मवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फिल्मला चिकटतो. पूर ओसरल्यावर पाकिटे उघडली, तेव्हा एकेका पाकिटातल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांची वडी झालेली होती. आबा एवढेच म्हणाले, “चाळीस वर्षांची लग्नं गेली.” त्यानंतर ते आमच्याकडे पुण्याला राहायला आले आणि कॅमेऱ्याचे नाव त्यांनी घेतले नाही.

कॅमेरे वाचले होते, कारण ते माळ्यावर होते. त्यातला एक झेनिट-ई माझ्या मुलीने खाली काढला. सोव्हिएत रशियात बनलेला हा कॅमेरा भिंगासकट जवळजवळ किलोभर वजनाचा. बॅटरी लागत नाही. शटरचा जास्तीत जास्त वेग सेकंदाचा पाचशेवा भाग. खिडकीतून दिसते त्यापेक्षा फोटोत जास्त येते, त्यामुळे चौकट थोडी घट्ट धरावी लागते. आणि त्याला लावलेले भिंग म्हणजे हेलिओस-४४, ५८ मिलिमीटरचे. या भिंगासाठी आज जगभरातली हौशी मंडळी जुने बाजार पालथे घालतात. मुलीला ते तिच्या मित्रांकडून कळले होते. तिने आबांना विचारले, “आबा, हा चालतो का अजून?”

“तो रशियन आहे,” आबा म्हणाले, “त्याला काय धाड भरलीय?”

पुण्यातल्या एका जुन्या कारागिराने शटर साफ करून, तेलपाणी करून दिले. भिंगाच्या कडेला बुरशीचा जाळीसारखा ठिपका होता, तोही पुसला गेला. मग कॅमेरा घेऊन जायचे कुठे, असा प्रश्न निघाला. “इंदु जिथे बनायची ते एकदा बघायचं राहिलंय,” असे आबाच म्हणाले.

मागून ढकलणारे इंजिन

उटीला जाण्याचे खरे सुख मेट्टुपालयमपासून सुरू होते. सकाळी सातच्या सुमारास तिथून सुटणारी छोटी गाडी ४६ किलोमीटरचे अंतर कापायला जवळजवळ पाच तास घेते. समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवरून ती सुमारे २,२०० मीटरपर्यंत चढते. १८९९ मध्ये ती कुन्नूरपर्यंत पोहोचली आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत. २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. वाटेत १६ बोगदे आणि अडीचशे पूल लागतात. कल्लार ते कुन्नूर हा चढ इतका तीव्र आहे, की दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवली आहे. इंजिनाखालचे दातेरी चाक त्या दात्यांत अडकत अडकत वर सरकते. इंजिन पुढे नसते, मागे असते आणि डबे वर ढकलते. त्यामुळे पहिल्या डब्याच्या पुढे काहीच आड येत नाही, समोर नुसती दरी आणि जंगल.

गाडी सुटल्याबरोबर डब्यातले सगळे मोबाईल खिडक्यांबाहेर आले. माझ्या मुलीनेही झेनिट डोळ्याला लावला. आबांनी हात वर केला.

“आधी बघ. मग डोळा लाव.”

पहिल्या तासात एकही फोटो निघाला नाही. आबा तिला उजेड वाचायला शिकवत होते. झेनिटच्या कपाळावर सेलेनियमचा प्रकाशमापक आहे, पण इतक्या वर्षांनी त्याचा काटा हलतो खरा, खरे बोलत नाही. म्हणून जुना नियम: स्वच्छ ऊन असेल तर भिंगाचे छिद्र एफ १६ वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या अंकाइतका. आमची फिल्म कृष्णधवल, ४०० अंकाची, म्हणजे वेग पाचशे. पातळ ढग आले की छिद्र एक पायरी मोठे करायचे, एफ ११. दाट ढग, एफ ८. काळोखी आली की एफ ५.६. झाडाखालच्या सावलीत एफ ४. हातावरच्या बोटांइतक्या या पाच पायऱ्या पाठ झाल्या, की यंत्राची गरज उरत नाही. मुलगी वळणावळणावर ओरडत होती, “आता अकरा! आता चार!” आणि आबा मान डोलावत होते. समोरचे एक तमिळ कुटुंब हा काय खेळ चालला आहे म्हणून कौतुकाने पाहत होते.

हिलग्रोव्ह नावाच्या छोट्याशा स्टेशनवर इंजिन पाणी प्यायला थांबले. सगळे प्रवासी उतरले, इंजिनापुढे गर्दी झाली. आबा नातीला गाडीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. तिथे डब्याच्या पुढच्या फळीवर ब्रेक सांभाळणारा कर्मचारी एकटाच चहा पीत बसला होता. प्रत्येक डब्याला असा एक माणूस असतो. उतारावर गाडी सांभाळण्याचे काम त्याचे, हातात हिरवे-लाल निशाण. त्याच्या मागे काळा ओला खडक होता आणि तोंडावर बाजूने ऊन येत होते. मुलीने खुणेने विचारले, तो हसला. भिंगाची एक कडी फिरवून तिने चित्र स्पष्ट केले, दुसरी फिरवून छिद्र लहान केले. असे केले की या भिंगात समोरचे दृश्य काळवंडते. मग खटका दाबला. सगळ्याला अर्धा मिनिट लागला असेल. तेवढ्या वेळात त्या माणसाने कप खाली ठेवला, टोपी सरळ केली आणि पुन्हा कप उचलला.

सहलीतला तो पहिला फोटो. सहाशे फोटोंत तो निघालाच नसता. इंजिनाचेच शंभर निघाले असते.

पानांची भोवरी

उटीचे सरकारी बोटॅनिकल गार्डन १८४८ मध्ये विल्यम मॅकआयव्हर या माळीकामाच्या तज्ज्ञाने आखले. डोंगरउतारावरच्या बावीस हेक्टर जागेत देशोदेशीची झाडे आहेत. दोन कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचे दगड झालेले खोडही तिथे ठेवले आहे. मे महिन्यातल्या पुष्पप्रदर्शनाला इथे पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत फुले कमी, पण गर्दीही कमी. आम्हाला फुलांपेक्षा पानांची गरज होती.

हेलिओस भिंगाची खरी गंमत पानांपुढे कळते. छिद्र पूर्ण उघडे म्हणजे एफ २ ठेवायचे. माणसाला सहा-सात फुटांवर उभे करायचे. त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर अशी झाडी हवी, की जिच्यातून उन्हाचे कवडसे झिरपत असतील. मग फोटोत मधला चेहरा स्पष्ट येतो आणि मागचे कवडसे त्याच्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात, जणू पाण्यात भोवरा पडावा. मध्यभागी कवडसे गोल असतात. कडेला जावे तसे ते बदामासारखे लांबट होतात, कारण तिरका येणारा प्रकाश भिंगाच्या नळीच्या कडांना थोडा अडतो. या लांबट आकारांनी मधल्या चेहऱ्याभोवती रिंगण धरले, की डोळ्याला ते फिरल्याचा भास होतो.

या भिंगाचा आराखडा मूळ जर्मन, झाइस कंपनीच्या ‘बायोटार’चा. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियात तो हेलिओस नावाने बनू लागला आणि पुढे लाखोंनी बनला. भिंगशास्त्राच्या दृष्टीने ही भोवरी म्हणजे दोषच. नव्या भिंगांतून तो काढून टाकला गेला. पण निर्दोष भिंगांनी काढलेले फोटो सगळे एकसारखे दिसू लागले, तेव्हा लोकांना या दोषाची आठवण झाली. हातमागाच्या कापडात एखादा धागा जाड असतो, तोच डोळ्यांत भरतो, तसे हे.

मुलीने बाकावर बसलेल्या आबांचा एक फोटो असा काढला. मग आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर छोटी धातूची कडी बसवून तेच भिंग त्याला लावले. जुन्या आट्यांचे भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसवायला अशा कड्या मिळतात आणि त्या फार महागही नसतात. स्पष्टता हाताने साधावी लागते, एवढेच. आबा त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर लगेच उमटलेला आपला चेहरा बराच वेळ पाहत राहिले. जुन्या माणसाने नव्याला नाक मुरडावे असा रिवाज असतो. आबांनी तो पाळला नाही.

“हे तेव्हा असतं तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “एक प्रत इथं, एक तिथं. पुराचा बाप आला तरी सगळी एकदम जात नाही.”

धुक्याचा हिशेब

दोड्डबेट्टा हे निलगिरीतले सर्वांत उंच शिखर, २,६३७ मीटर. गावापासून दहा किलोमीटर. आम्ही पोहोचलो तेव्हा वर ढग उतरले होते आणि दुर्बिणीपुढे रांग लावून उभे असलेले लोक निराश होऊन परतत होते. ‘काही दिसत नाही’ हे वाक्य पाच-सहा भाषांत ऐकू आले.

आबांना मात्र उत्साह आला. धुके म्हणजे आयता धुतलेला पडदा, असे त्यांचे म्हणणे. मागची गर्दी, टपऱ्या, तारा, सगळे पुसून जाते आणि समोरचे एखादे झाड किंवा एखादा माणूसच उरतो. पण धुक्यात प्रकाशमापक फसतो. त्याला सगळे जग करड्या रंगाचे आहे असे वाटत असते. पांढरे धुके दिसले की फार उजेड आहे असे समजून तो छिद्र लहान करायला सांगतो, आणि फोटोत धुके मळक्या पाण्यासारखे येते. म्हणून मापक सांगेल त्यापेक्षा एक पायरी जास्त प्रकाश द्यायचा. मुलीच्या मोबाईलवर प्रकाश मोजण्याची सोय होती. तिने पाहून सांगितले, “अडीचशे वेगाला अकरा.” आबांनी नुसते वर पाहिले. “आठ ठेव.”

तिथे तिने तीनच फोटो काढले. त्यात एक होता गरम मक्याची कणसे विकणाऱ्या बाईंचा. शेगडीचा धूर आणि धुके एकमेकांत मिसळले होते आणि त्यांतून बाईंचे हात तेवढे बाहेर आले होते. बाकी उटीत आम्ही खूप फिरलो. तलावावर गेलो, चॉकलेट खाल्ले, निलगिरीचे तेल घेतले, तोडा बायकांनी पांढऱ्या कापडावर लाल-काळ्या दोऱ्यांनी भरलेली शाल घेतली. त्याचे वर्णन प्रत्येक माहितीपत्रकात असते, म्हणून इथे करीत नाही.

इंदुनगरच्या फाटकाशी

उटीहून गुडलूर-म्हैसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तलैकुंदा नावाचे ठिकाण आहे. थंडीत पहाटे इथल्या सपाट कुरणांवर दवाचे हिम होते. सूर्य वर आला की तासाभरात ते नाहीसे होते. ते पाहायला आम्ही अंधारात निघालो. पांढऱ्या गवतावर उन्हाची पहिली तिरीप पडली आणि प्रत्येक पाते वेगळे दिसू लागले. मुलीने पाच फोटो काढले. त्या थंडीत कॅमेऱ्याचा धातू हाताला चावत होता.

परतताना याच रस्त्यावर इंदुनगर लागते. कारखान्याच्या नावावरून वसाहतीला नाव मिळाले. इंदु म्हणजे चंद्र. चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या धंद्याला याहून सुंदर नाव कोणते असणार?

हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. फ्रान्समधल्या बोशे कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. फिल्म बनवायला थंड, धूळ नसलेली हवा आणि भरपूर स्वच्छ पाणी लागते. उटीत दोन्ही होते. इथे कृष्णधवल रोल बनत, सिनेमाची फिल्म बनत, फोटोचा कागद आणि एक्स-रेची फिल्म बनत असे. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात आपल्या देशाची फिल्म असणे ही लहान गोष्ट नव्हती. हजारो कुटुंबे या एका कारखान्यावर जगत होती.

पुढे एक्स-रेसाठी पॉलिएस्टर फिल्मचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. त्यात फार पैसा अडकला. १९९१ नंतर आयात खुली होत गेली आणि परदेशी माल स्वस्त झाला. १९९६ मध्ये कारखाना आजारी म्हणून जाहीर झाला. त्यानंतर डिजिटलची लाट आली. तिच्यापुढे अमेरिकेतली कोडॅकसारखी बलाढ्य कंपनीसुद्धा टिकली नाही. तिला २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मग उटीच्या आजारी कारखान्याची काय कथा? उरलेल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन तोही बंद झाला.

आत जाता येत नाही. रस्त्यावरून फाटक, झाडी आणि मागच्या लांबलचक इमारती दिसतात. जवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. आबांच्या गळ्यातला झेनिट पाहून तिथे बसलेले एक वयस्क गृहस्थ जवळ आले. कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली होती, फिल्मवर थर चढवण्याच्या विभागात. त्यांना मराठी येत नव्हते, आबांना तमिळ. मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत दोघांचे बोलणे सुरू झाले.

ते गृहस्थ सांगत होते, की थर चढवण्याचे काम पूर्ण अंधारात चाले. उजेडाचा कण जरी आत आला तरी सगळा माल वाया. मैलोगणती फिल्म हातांखालून गेली, पण काम चालू असताना ती कधी डोळ्यांनी दिसली नाही. भिंतीला हात लावून, पावले मोजून, एकमेकांना आवाज देत चालायचे. नव्या माणसाला पहिले काही दिवस अंधारात नुसते चालायलाच शिकवत. आबांनी दोन्ही हात पुढे करून डार्करूममध्ये आपण रोल कसा चाचपून उलगडत असू, ते करून दाखवले. त्या गृहस्थांनी मान हलवली आणि आपल्या हातांनी दुसरीच काही हालचाल करून दाखवली. मग दोघेही हसले. हे दोघे एकाच अंधाराच्या दोन टोकांना काम करीत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते.

मुलीने कॅमेरा त्यांच्याकडे वळवला, तेव्हा आबा म्हणाले, “थांब. आण इकडे.”

सहा वर्षांत त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी त्या गृहस्थांना टपरीच्या सावलीत उभे केले, हनुवटी बोटभर खाली घ्यायला सांगितली, जशी स्टुडिओत सांगत तशी. एकच फोटो काढला.

“बस? एकच?” त्या गृहस्थांनी विचारले.

“येईल,” आबा म्हणाले.

न्हाणीघरातली डार्करूम

पुण्याला परतल्यावर दोन्ही रोल मुलीने घरीच धुतले. हे काम वाटते तितके अवघड नाही. काळ्या कापडाच्या पिशवीत हात घालून रोल चकरीवर चढवायचा आणि डब्यात बंद करायचा. पुढचे सगळे उजेडात होते. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा भरपूर पाणी. डेव्हलपरचे तापमान २० अंश हवे. पुण्यात त्यासाठी भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे लागते. फिल्म वाळत घालण्यापूर्वी न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ करायची, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. ही शेवटची युक्ती आबांची.

वापरलेला हायपो त्यांनी मोरीत ओतू दिला नाही. त्यात फिल्ममधून सुटलेली चांदी असते. पूर्वी स्टुडिओंतून असा हायपो विकत घ्यायला माणसे येत आणि त्यातून चांदी काढीत. आता कोणी येत नाही. तो बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवायचा आणि रोल धुणाऱ्या एखाद्या लॅबला द्यायचा.

बहात्तरांपैकी कामाचे फोटो निघाले चाळीसेक, आणि मनापासून आवडले ते चौदा. ब्रेकवाल्याचा, कणसेवाल्या बाईंच्या हातांचा, हिमाच्या गवताचा आणि बाकावरच्या आबांचा, पानांच्या भोवरीसकट. पण प्रत्येक फोटो कुठे, कधी, कोणत्या उजेडात काढला, हे आम्हा तिघांनाही सांगता येते. उटीतले चार दिवस आमच्याकडे जसेच्या तसे शिल्लक आहेत. जुन्या कॅमेऱ्याचा मोठा गुण मला हाच वाटतो. फोटोत येणारा जुनाट रंग किंवा दाणा ही वरवरची गोष्ट. खरी गोष्ट अशी, की फोटो मोजून काढायचे असले की माणूस मोजून नव्हे, पण निवडून पाहू लागतो.

आणि निगेटिव्हचे काय? मुलीने सगळ्या स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. मूळ फिल्म कपाटाच्या वरच्या खणात आहे. हा नियम आबांनी घालून दिला. टपरीवरच्या गृहस्थांचा फोटो त्यांनी स्वतः उभे राहून मोठा करून घेतला आणि टपालाने पाठवला. पंधरा दिवसांनी फोन आला. पलीकडून तमिळमध्ये बरेच काही बोलणे झाले. आबा मध्ये मध्ये मराठीत “हो, हो” म्हणत होते.

सांगलीच्या त्या चिकटलेल्या पाकिटांपैकी काही आबांनी फेकली नव्हती, हे आम्हाला नंतर कळले. गेल्या महिन्यात त्यांनी एक पाकीट गार पाण्यात भिजत घातले आहे. फिल्म सुटली तर सुटली. मुलगी रोज पाणी बदलते.

हौस करायची असेल तर

- पहिला शोध घरातल्या माळ्यावर घ्या. आग्फा क्लिक थ्री, याशिका, झेनिट यांतले काही ना काही मराठी घरांत सापडतेच. विकत घ्यायचा असेल तर मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि दिल्लीच्या चांदनी चौकातला कूचा चौधरी ही ठिकाणे आहेत. घाई करू नका.

- भिंगातून टॉर्चचा उजेड पाडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, भिंग चामड्याच्या कव्हरात कधी ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे.

- काही जुन्या जपानी भिंगांच्या काचेत थोरियम असते आणि ती काच वर्षांनी पिवळी पडते. भिंग काही दिवस उन्हात ठेवले की पिवळेपणा बराचसा जातो. मात्र उन्हात ठेवलेले भिंग कागदावर किंवा कापडावर रोखलेले नसावे, नाहीतर आग लागेल.

- जुन्या जपानी कॅमेऱ्यांच्या दारातला फोम विरघळून चिकट झालेला असतो. तो बदलून घ्या, नाहीतर आत उजेड शिरतो.

- खर्चाचा अंदाज आधी घ्या. छत्तीसचा एक रोल आज साधारण हजार रुपयांच्या घरात जातो. धुणे आणि स्कॅन करणे वेगळे. म्हणजे एक फोटो चाळीस रुपयांच्या आसपास पडतो. महिन्याला एक रोल ही चांगली सवय.

- फिल्म मिळेनाशी होईल अशी भीती बाळगू नका. कोडॅकची बंद झालेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये पुन्हा आली आणि २०२४ मध्ये पेन्टॅक्सने चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. गुरुग्रामला २०१९ मध्ये सुरू झालेले ‘म्युझिओ कॅमेरा’ हे जुन्या कॅमेऱ्यांचे संग्रहालय दिल्लीकडे गेल्यास जरूर पाहावे.

जाण्यापूर्वी

मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे कोइमतूरला थेट गाडी आहे. तिथून मेट्टुपालयम तासाभराच्या अंतरावर. निलगिरी रेल्वेचे आरक्षण फार आधी भरते, म्हणून सहलीची तारीख त्या तिकिटावरूनच ठरवावी. जोराच्या पावसात दरडी कोसळून ही गाडी बंद राहते. डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे कडाक्याची थंडी असते, पण उजेड स्वच्छ मिळतो. मे २०२४ पासून निलगिरीत येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना ई-पासची अट घालण्यात आली. निघण्यापूर्वी सध्याचा नियम विचारून घ्यावा. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना जिल्ह्यात बंदी आहे. विमानाने जात असाल तर न वापरलेले आणि वापरलेले दोन्ही रोल हातातल्या पिशवीत ठेवा आणि तपासनीसाला ते हाताने तपासायची विनंती करा. सामानाच्या मोठ्या एक्स-रे यंत्रात फिल्म खराब होते.

आणि रोल दोनच न्या.